शेकरूबाई अजून तयार नाहीत

एका जंगलात एक नाट्यगृह होतं. दचकू नका, बाळांनो. जंगलात वाघ असतो तसं नाट्यगृहही असू शकतं. फरक इतकाच, की वाघ फारसा दिसत नाही आणि नाट्यगृह दिसतं, पण त्याची दुरुस्ती चालू असते.

हे नाट्यगृह नुकतंच दुरुस्तीतून सुटलं होतं. म्हणजे पंखे बसवले होते आणि छप्पर राहिलं होतं. आता नीट मांडी घालून बसा. आणि एक सांगून ठेवतो, मधेच 'परत सांगा' असं ओरडायचं नाही. का ते पुढे कळेल.

तिथल्या नाटक मंडळीत मुख्य नटी होत्या सौदामिनीबाई. बाई होत्या शेकरू. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार, पण हे बाईंसमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांची शेपटी त्यांच्यापेक्षा लांब होती आणि त्यांचा तोरा शेपटीपेक्षा लांब होता.

ती शेपटी विंचरायला बकुळा नावाची एक साधी खार होती. बाई सगळ्यांना सांगत, "बकुळा माझी लांबची नातेवाईक." बकुळाला वाटे, नातं जरा जवळचं असतं तर बसायला तरी मिळालं असतं.

प्रयोगाच्या दिवशी पहिली घंटा झाली, की बाई म्हणत, "बकुळे, भांग चुकला. पुन्हा विंचर." दुसरी घंटा झाली, की म्हणत, "आज माझा मूडच नाही." तिसरी घंटा बाईंनी मान हलवल्याशिवाय वाजत नसे. घंटेचा दोर धरून रानडुक्कर उभ्या उभ्या झोप काढत असे.

रंगमंचावर दुसऱ्या कुणाला टाळी पडली, की बाईंना खोकला येई. त्यामुळे मंडळीतल्या सशाचं एकही वाक्य गेल्या तीन वर्षांत कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

तर काय झालं, बकुळाला पिल्लं होणार होती. मागच्या खेपेला तिला पिल्लाच्या बारशाला जायला मिळालं नव्हतं. ते तिच्या मनातून जात नव्हतं. एक दिवस ती मंडळीच्या नाटककाराकडे गेली. नाटककार होता साळिंदर. त्याला सगळे वासूनाना म्हणत. घाबरला, की त्याचे काटे उभे राहत. आणि तो लेखक असल्यामुळे वरचेवर घाबरत असे.

"नाना," बकुळा म्हणाली, "या खेपेला तरी मला बारशाला जायचंय. तुम्ही बाईंना जरा सांगाल का?"

नानांचे काटे ताठ झाले.

"सांगायचं? मी? छे गं बाई. मी लिहितो. सांगून कोणी सुधारत नाही, बकुळा. नाटक पाहून सुधारतात. कलेत तेवढी ताकद आहे. तू मला आतल्या सगळ्या गमती सांग."

बकुळाने सांगितल्या. नानांनी हसत हसत नाटक लिहिलं. पडद्यामागे एक नखरेल नटी, तिची शेपटी आणि ती विंचरणारी एक खार. नाटकाचं नाव ठेवलं, 'बाई अजून तयार नाहीत'.

"आणि बारशाचं, नाना?" बकुळाने विचारलं.

"ते नाही घेतलं. त्यात हसू येत नाही."

मुख्य भूमिका अर्थातच सौदामिनीबाईंची. दुसऱ्या कुणाला द्यायची हिंमत कुणात होती? वाचन झालं. नानांचे काटे इतके ताठ उभे होते, की शेजारचा ससा दोन जागा सोडून बसला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि गालातल्या गालात हसल्या.

"नाना, ही नटी कोण ते मी ओळखलं."

नानांनी डोळे मिटले.

"पलीकडच्या जंगलातली ती भेकर. हो की नाही? अगदी हुबेहूब उतरवलीत तिला!"

पहिला प्रयोग झाला तेव्हा बकुळाची पिल्लं अकरा दिवसांची होती. बारसं दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या आत. आणि दुसऱ्या दिवशी दुसरा प्रयोग होता.

प्रयोग असा रंगला म्हणता! पुढच्या रांगेत पासवाले हत्ती बसले होते, त्यामुळे मागच्यांनी नाटक नुसतं ऐकलं, तरी ते हसले. तरस सगळ्यालाच हसतं, म्हणून त्याचं हसू कुणी धरत नाही. पण त्या दिवशी गवे हसले. गवा हसला, की नाटक चाललं असं तिकडे समजतात. कासवाला पहिल्या अंकातला विनोद तिसऱ्या अंकात कळला आणि ते एकटंच जोरात हसलं.

अस्वलीण नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाली, "अगदी तुमची बहीण!"

"नाही गं," अस्वल डोळे पुसत म्हणालं. "अगदी तुझी आई."

प्रयोग संपला, की आत जाऊन नटमंडळींना भेटायचं, ही त्या जंगलाची रीत होती. आत 'छान झालं' म्हणायचं आणि बाहेर पडल्यावर खरं बोलायचं. त्या दिवशी रांगच लागली. कोल्हा हात जोडून म्हणाला, "बाई, अभिनय वाटलाच नाही हो!" बाई धन्य झाल्या.

सगळे गेल्यावर बकुळाने फणी बाजूला ठेवली.

"बाई, हे नाटक करताना तुम्हाला काही वाटलं का हो?"

"वाटलं ना. त्या नटीची कीव आली. आणि तिच्या त्या खारीची तर फारच. किती सोसते गं बिचारी!" बाईंनी खरोखर डोळे टिपले.

"मग बाई, उद्या बारसं आहे, तर मी..."

"उद्या? उद्या प्रयोग आहे, बकुळे. वेड लागलंय का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षण आलं. जंगलातला समीक्षक होता बगळा. तो कडेला एका पायावर, डोळे मिटून उभा राही. झोपलाय असं वाटे, आणि तो झोपलेलाच असे. त्याने पिंपळाच्या पानावर लिहिलं होतं :

'नाटक बरे आहे. परंतु सौदामिनीबाईंचे काम भडक वाटले. प्रत्यक्षात कोणतीही नटी अशी वागत नाही. भूमिका करण्यापूर्वी बाईंनी एखादी नखरेल नटी जवळून पाहायला हवी होती.'

बाईंचा नुसता तिळपापड झाला. दुपार कलली, प्रेक्षक जमले, दुसरी घंटा झाली. शेपटी अर्धी विंचरून झाली होती. इतक्यात बाई ताडकन उठल्या आणि पान हातात धरून पडद्यापुढे गेल्या. शेपटीचं टोक बकुळाच्या हातात होतं, म्हणून तीही ओढली गेली.

"भडक?" बाई गरजल्या. "मी भडक काम करते? नाटकातली नटी शेपटी तीनदा विंचरायला लावते, हे भडक? बकुळे, सांग सगळ्यांना. मी किती वेळा लावते?"

"पाच वेळा, बाई."

"ऐका! पाच! म्हणजे मी कमीच केलं! सशा, बाहेर ये. तुला टाळी पडली, की मी खोकते की नाही?"

"टाळी पडायच्या आधीच खोकता," ससा चाचरत म्हणाला.

"बघा! आणि हा बगळा मला शिकवतो! बकुळे, अजून सांग. घाबरू नकोस. सगळं सांग."

प्रेक्षक पोट धरून हसत होते. त्यांना वाटलं, नाटकात नवा प्रवेश घातलाय. शेवटच्या रांगेत नानांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

बकुळा फणी घट्ट धरून उभी राहिली.

"मागच्या बारशाला तुम्ही मला सोडलं नाहीत, बाई. मी पोचले तोवर आत्याने कुर्र करून पिल्लाचं नाव ठेवलं होतं. धोंडू. मला ते नाव अजून आवडत नाही. तो हाक मारली, की धावत येतो, आणि मला वाईट वाटतं." ती बाईंकडे वळली. "आज दुसऱ्या पिल्लांचं बारसं आहे. मी जाऊ का, बाई?"

हसू थांबलं. शेकरूबाईंची अर्धी विंचरलेली शेपटी हळूच जमिनीला टेकली.

बाळांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी बाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी तोंड उघडलं. 'जा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

आणि पुढच्या रांगेतला हत्ती सोंड वर करून ओरडला, "वा! काय प्रवेश आहे! वन्स मोअर!"

"वन्स मोअर! वन्स मोअर!" सगळं नाट्यगृह दणाणलं.

बाईंनी तोंड मिटलं. मान ताठ केली, शेपटी सावरली. मग बकुळाकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "परत विचार. या वेळी जरा सावकाश. आणि प्रेक्षकांकडे तोंड करून."

बकुळाने परत विचारलं. या वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो सगळा बकुळासाठी होता. बाईंना खोकला आला.

"वन्स मोअर!"

"आता असं कर," बाई म्हणाल्या, "मी इथे मध्यावर उभी राहते. तू जरा मागे सरक."

बकुळाने वर पाहिलं. छप्पर नव्हतं हे एका परीने बरंच झालं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलेलं तिला दिसलं. तिने तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. फणी बाईंच्या हातात दिली, रंगमंचावरून खाली उडी मारली आणि मधल्या वाटेने चालू लागली. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "काय एक्झिट घेतली!" असं म्हणत गव्यांनी तिला वाट करून दिली. तरस तेवढं हसलं नाही.

रंगमंचावर बाई फणी धरून उभ्या राहिल्या. रानडुक्कर दोर धरून बाईंच्या मानेकडे बघत राहिलं. अर्धी विंचरलेली शेपटी घेऊन बाई मान कशी हलवणार? तिसरी घंटा त्या दिवशी वाजलीच नाही. बराच वेळ वाट पाहून प्रेक्षक 'शेवट फार वेगळा केलाय' असं म्हणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं :

'बाईंचे काम आता पुष्कळ सुधारले आहे. परंतु खारीचे निघून जाणे पटत नाही. प्रत्यक्षात कोणतीही खार अशी निघून जात नाही. शेवट बदलावा.'

बकुळाने ते वाचलं नाही. ती घरट्यात होती. दोन्ही पिल्लांची नावं तिने स्वतः ठेवली होती आणि धोंडू पाळण्याची दोरी ओढत होता.

तात्पर्य : नाटक पाहून कोणीच सुधारत नाही, हे म्हणणं खोटं आहे. खार सुधारली. तिने विचारणं सोडलं.

आणि आता 'परत सांगा' म्हणू नका. माझ्याही घरी आज बारसं आहे.