खैरनारांचे डबे

आमच्या मजल्यावर भारत प्रत्येक सामना दोनदा जिंकतो. एकदा सगळ्या देशाबरोबर आणि नंतर एक-दोन दिवसांनी समोरच्या खैरनारांच्या घरात. मागे एका अंतिम सामन्याच्या वेळी आमचं सगळं सरावली गाव फटाके वाजवत होतं आणि खैरनार दोन्ही कानांत बोटं घालून जिना उतरत होते. मी दारातच उभी होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी जोरजोरात मान हलवली. "सांगू नका वहिनी, माझं अजून व्हायचंय." मग दोन दिवसांनी भर दुपारी त्यांच्या घरातून आरोळी आली आणि पाठोपाठ पेढ्यांचा पुडा घेऊन ते आमच्या दारात हजर. आपण जिंकलो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्ही दोघांनी जमेल तेवढा आनंद दाखवला. आमच्या ह्यांना ते जास्त चांगलं जमतं, ते तर "काय सांगता!" असंसुद्धा म्हणाले.

खैरनार मूळचे शिरपूरकडचे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात. त्यांची बायको मंदा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, तेव्हापासून घरात दोघंच, आणि तीही एका वेळी क्वचितच. त्यांच्या शिफ्टा फिरत्या, हिच्या वेगळ्या, सुट्टीचे वारही वेगळे. एक घरात शिरायचा तेव्हा दुसरा चपला घालत असायचा. जिन्यात भेट झाली की भाजीत मीठ कमी आहे, गॅस संपत आलाय, एवढा संसार ते उभ्या उभ्या उरकून घ्यायचे.

तर या माणसानं ठरवलं की टीव्हीवरचे कार्यक्रम भरून ठेवायचे. 'रेकॉर्ड' हा शब्द त्यांच्या तोंडात नाही. ते म्हणतात, "आज दोन डबे भरले." शिफ्टवाल्या माणसाचं जेवण डब्यात घालतात, मग टीव्हीनंच काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. गच्चीवर फुकट चॅनेलवाली छत्री त्यांनी आधीच लावली होती. संगणक भंगारवाल्याकडून आणला. कारखान्यांच्या ऑफिसांत नवे संगणक आले की जुने भंगारात येतात, आणि भंगारवाल्याला ते सगळं लोखंडच. खैरनारांनी तो काट्यावर घालून वजनावर घेतला. छत्रीची वायर सरळ संगणकात घेणारं एक कार्ड असतं, ते कुठल्याशा जुन्या बाजारातून मिळवलं. संगणकाचं झाकण आलंच नव्हतं, म्हणून त्याच्या उघड्या कुशीला टेबलफॅन लावला. उन्हाळ्यात तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर घामानं निथळत बसायचं आणि वारा संगणकानं खायचा.

वेळ लावून ठेवली की ते यंत्र आपलं आपण जागं होई, डबा भरी आणि पुन्हा झोपी जाई. खैरनार बॉयलरपाशी असले तरी त्यांना ठाऊक असायचं की आता घरात काय भरतंय. बरोबरचे कामगार म्हणायचे, मोबाइलवर सगळं दिसतं की. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मोबाइलला पॅक मारावा लागतो, छत्रीला नाही. आणि मोबाइलवर एकालाच नीट दिसतं, दुसऱ्याची मान अवघडते.

या छत्रीपायी आमच्या इमारतीचे कपडे वाळवायचे नियम बदलले. एकदा मी गच्चीवर ओली चादर टाकली आणि त्या संध्याकाळी खैरनारांच्या सगळ्या डब्यांत नुसते चौकोन भरले. त्यांनी आवाज चढवला नाही. हात जोडून समजावलं की उपग्रह आग्नेयेला आहे आणि ओल्या कापडातून त्याला दिसत नाही. "तेवढी आग्नेय मोकळी ठेवा वहिनी." तेव्हापासून आमच्या चादरी पश्चिमेला वाळतात. नवीन भाडेकरू आला की सोसायटीवाले पाण्याची वेळ सांगतात, आणि मग उपग्रहाची दिशा.

बातम्यासुद्धा ते भरूनच बघायचे. एकदा उद्या पाणी येणार नाही अशी बातमी होती. खैरनारांच्या घरी ती परवा लागली. त्यांनी धावत खाली येऊन सगळ्यांना सावध केलं आणि दोन पिंपं काठोकाठ भरली. नळाला धो धो पाणी होतं. आदल्या दिवशी आम्ही सगळे बिनपाण्याचे बसलो होतो, तेव्हा खैरनार मात्र ड्युटीवर होते.

मला बरीच वर्षं वाटायचं की ही सगळी यंत्राची हौस. काही पुरुषांना स्कूटर उघडून बसायची असते, यांना हे. मग एका दुपारी मी वाटीभर साखर परत करायला गेले. त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती, दिवसभर घरी एकटेच. टीव्ही बंद, आणि हे मेथी निवडत बसलेले. एवढे डबे भरलेत तर बघत का नाही, असं मी सहज विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं. "मंदा यायची हाय ना," ते म्हणाले. मग मला सगळं कळलं. सामना, बातम्या, मालिका, काहीच ते एकटे बघत नव्हते. दोघं एकत्र घरात असतील तेव्हाच टीव्ही लागायचा. कधी अर्धा भाग आज, उरलेला परवा. देश पुढे निघून जायचा, आणि हा माणूस बायकोच्या शिफ्टसाठी थांबायचा. त्या दिवसानंतर मी त्यांच्या पेढ्यांना कधी हसले नाही.

यंदा उन्हाळ्यात शिरपूरला मंदाची आई अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मंदा दोन कपडे घेऊन गेली. आठवड्याभरात येते म्हणाली होती. आठवड्याचा महिना झाला, महिन्यावर आणखी दिवस चढले. म्हातारी पाऊल टाकायला घाबरायची, आणि बोईसरला या म्हटलं की तिकडचा धूर मला सोसत नाही म्हणून मोडता घालायची. इकडे मंदाच्या कारखान्यानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. म्हणजे तिला ओढून आणणारं इथं काही राहिलं नाही, नवरा सोडला तर. खाली ओट्यावर बसणाऱ्या बायका तर उघड म्हणू लागल्या की मंदा आता तिकडचीच झाली.

खैरनारांनी एकही डबा उघडला नाही, एकही पुसला नाही. भरत मात्र राहिले. आणि मग हार्ड डिस्क भरत आली.

एरवी बघून झालं की पुसायचं, म्हणून जागा पुरायची. आता बघणंच नाही तर पुसणार काय? मी म्हटलं, जुन्या बातम्या तरी काढून टाका, कोण बघणार आहे. ते म्हणाले, मंदाला बातम्यांवर बोलायला आवडतं. मग सुट्टीच्या दिवशी ते भंगारवाल्यांच्या फेऱ्या मारू लागले. कुठल्याशा संगणकातून काढलेल्या डिस्का घेऊन यायचे. एक सुरूच व्हायची नाही, दुसरी दाराची कडी वाजवल्यासारखी टकटक करायची. एकदा संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि चाचरत म्हणाले, वहिनी, तुमच्याकडे थोडी जागा होईल का. मला वाटलं पाहुणे येणार आहेत. मी गाद्या काढायला निघाले होते. जागा त्यांना माझ्या लॅपटॉपमध्ये हवी होती. त्या लॅपटॉपवर मी घरी थोडंफार ऑफिसचं काम करते. आता त्यात मंदाच्या लाडक्या मालिकेतली वकीलबाई, तिचं सासर आणि तिचा खटला असे सगळे राहायला आले.

त्यांची काळजी मला दिसत होती. जागा संपली की काहीतरी पुसावं लागणार, आणि पुसलं तर मंदा येणार नाही हे आपणच मान्य केल्यासारखं होणार. असं ते म्हणाले नाहीत. पण रोज जिन्यात भेटले की किती जागा उरली तेवढं सांगायचे. मंदा कधी येणार हे विचारायची हिंमत मला होत नव्हती. रोज रात्रीच्या जेवणाआधी ते गॅलरीत उभे राहून फोनवर अहिराणीत "माय कशी शे?" असं विचारायचे आणि मग बराच वेळ नुसते ऐकत राहायचे.

मी जवळच कोळगावला जिल्हा मुख्यालयात पत्रांची आवक-जावक बघते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मंदाचा फोन आला. नवरा नीट जेवतो का, बनियन धुतो का, असं सगळं विचारून झालं आणि बोलता बोलता ती म्हणाली, "काल त्या वकीलबाईचा दीर नदीत गेला ना, माझ्या घशाखाली घास उतरला नाही." आणि एकदम तिनं जीभ चावली. मग तिनं कबूल केलं. मायला दुखण्यानं झोप लागत नाही, म्हणून जेवणं झाली की दोघी टीव्ही लावतात. पहिल्या दिवसापासून सगळं बघून झालंय.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली. "ते भरून ठेवतायत ना. मी आले की सगळं पहिल्यापासून बघीन, पहिल्यांदा बघितल्यासारखं."

मी कबूल केलं खरं, पण घरी जाऊन लॅपटॉप उघडला की मला भरून यायचं. एक शब्द बोलले असते तर खैरनारांची सगळी पायपीट थांबली असती. पण तो शब्द उच्चारला तर त्यांच्याकडे करायला काय उरलं असतं? माझ्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट लॅपटॉपवर उतरवलेली होती, ती मी दुसरीकडे हलवली आणि वकीलबाईला आणखी जागा करून दिली.

शेवटी खैरनार स्वतःच रजा टाकून शिरपूरला गेले. सासूशी तिथं काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण परत आले ते गाडी करून, आणि गाडीत मंदा होती, आणि मागच्या सीटवर उशांच्या मधोमध म्हातारी. धुराची तक्रार तिनं गाडीतून उतरायच्या आतच सुरू केली. वॉचमन आणि खैरनार यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर चढवलं. प्रत्येक वळणावर ती दोघांना कुठला पाय आधी टाकायचा ते सांगत होती. मंदा मागून पिशव्या घेऊन येत होती. माझ्याजवळ आली आणि नुसता माझा हात दाबला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. डबे उघडायचे होते. मी लॅपटॉप घेऊन गेले. म्हातारी पलंगावर, मंदा आणि खैरनार खाली चटईवर, आणि मी स्टुलावर. मंदा गेली त्या दिवसापासून सुरुवात झाली.

मंदाचं नाटक मला बघवेना. कोणी दार वाजवायच्या आधीच तिचा हात तोंडावर जायचा. खलनायक अजून चहाच पीत असायचा आणि ही "अगंबाई" म्हणून मोकळी व्हायची. खैरनार मात्र मन लावून बसले होते. असे दोन-तीन रविवार गेले, मग एकदाचा तो नदीकाठ आला. दीर होडीत बसला. मंदानं पदर डोळ्यांना लावला, आणि इतका वेळ कशीबशी गप्प बसलेली म्हातारी पलंगावरून वैतागून म्हणाली, "रडू नको वं. तो मरेल नही शे. परत येस."

दीर मेलेला नाही, परत येतो, हे म्हातारीनं सांगूनच टाकलं. मंदाचा पदर तिथंच राहिला. मी खिडकीबाहेर बघू लागले. खैरनारांनी चित्र थांबवलं आणि चहा टाकतो म्हणून आत गेले. मी कपबश्या काढायच्या निमित्तानं मागे गेले. ते गॅसपाशी पाठमोरे उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं ना वहिनी?"

मी हो म्हटलं. मला वाटलं आता त्यांना फार लागणार. पण त्यांनी शांतपणे आलं किसलं आणि सांगितलं की त्यांनाही माहीत होतं. अगदी सुरुवातीपासून. एकदा जेवणानंतर फोनवर बोलताना तिच्या मागे मालिकेचं गाणं लागलं होतं आणि त्याच वेळी इकडे त्यांचं कार्ड तेच गाणं भरत होतं. त्यांना बरं वाटलं होतं. एवढं आजारपण काढायचं तर बाईच्या जिवाला काहीतरी विरंगुळा हवा ना.

मी विचारलं, मग एवढं सगळं भरत का राहिलात?

"मला ते वकीलबिकील काय कळत नाय हो," ते म्हणाले. "कोण कोणाचा दीर, कोणी कोणाला फसवलं, डोक्यावरून जातं. मंदा हसली की मी समजतो चांगलं झालं. रडली की वाईट झालं. ती बाजूला नसली तर मी काय बघू?"

चहा उतू जायला आला होता. तो मी खाली उतरवला, कारण त्यांचं लक्ष नव्हतं आणि माझे डोळे भरून आले होते ते मला त्यांना दाखवायचे नव्हते.

आम्ही बाहेर आलो. म्हातारीला आपलं काय चुकलं ते उमगलं नव्हतं. ती बशीत चहा ओतून फुंकर मारत होती. मंदा मान खाली घालून बसली होती. खैरनार तिच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी चित्र पुढे सुरू केलं. होडी उलटली. मंदानं या वेळी पदर उचलला नाही, तोंडावर हात नेला नाही. पाण्यावर नुसती टोपी तरंगत राहिली आणि तिला खरंच रडू फुटलं. शिरपूरला आईपुढे जे इतके दिवस आवरून धरलं होतं तेही त्यात असावं, कारण एका दिरापायी कोणी एवढं रडत नाही.

खैरनार पडद्याकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"लई वाईट झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"लई," मंदा म्हणाली, आणि त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला तिनं डोळे पुसले.