मेव्हिसच्या पोटातला बेकायदा रहिवासी

मानावतूच्या कुरणांमधल्या आमच्या संशोधन केंद्रात मेव्हिस नावाची गाय बारा वर्षं गवत खात होती आणि त्याविषयी कोणाचीही लेखी तक्रार नव्हती. तिच्या डाव्या कुशीला ताटलीएवढं रबरी झाकण आहे. दर मंगळवारी ते उघडायचं, खांद्यापर्यंत हात घालायचा आणि कोटीपोटातलं, म्हणजे गायीच्या पहिल्या पोटातलं, मूठभर चघळलेलं गवत बाहेर काढायचं, ही माझी नोकरी. झाकण परत लावलं की मेव्हिस माझी टोपी चाटते.

त्या मुठीतल्या जिवाणूंची जनुकं वाचणं हे डॉ. नायरीचं काम. अकरा वर्षांनी तिला एक जिवाणू सापडला. निबर देठ फोडायची जनुकं त्याच्याकडे इतरांच्या तिप्पट होती. आम्ही चीजचे स्कोन, म्हणजे छोटे खारे पाव, आणून साजरं केलं. आनंदाच्या भरात नायरीने अहवालात लिहिलं, ‘या जिवाणूची देशात आजवर नोंद नाही.’

तिसऱ्या दिवशी नवजीव नियंत्रण कचेरीतून ग्लेनिसबाई आल्या. गमबूट स्वतःचे घेऊन आल्या होत्या, कारण आमचे तपासलेले नव्हते.

"हा देशात कधी आला?"

"आला नाही हो, होताच," नायरी म्हणाली.

"पूर्वीची नोंद?"

"नाही. पहिली मीच केली."

"नोंद नसलेला जीव परदेशी समजायचा. म्हणजे आणलात तुम्हीच."

"अहो, माझ्या खापरपणजोबांच्या आधी देशातल्या पहिल्या गायींबरोबर बोटीतून उतरला असेल तो!"

"परदेशी आहे हे तुम्हाला मान्य आहे तर," असं म्हणत ग्लेनिसबाईंनी ते लिहून घेतलं.

जिवाणू मेव्हिसमध्ये राहत असल्याने मेव्हिसला बंदिस्त प्रयोगशाळा घोषित करण्यात आलं. प्रयोगशाळेला एकामागोमाग बंद होणारे दोन दरवाजे लागतात. मेव्हिसला झाकण एकच होतं, आणि मागच्या बाजूला तर काहीच नव्हतं. प्रत्येक शेणाला ‘अनधिकृत विसर्ग’ म्हणून वेगळा अर्ज भरायचा होता. पहिल्याच दिवशी मी चौदा भरले. गुरुवारी हुकूम आला: सदर प्रयोगशाळा नियमबाह्य असल्याने जाळून नष्ट करावी, मुदत सोमवार.

मी गोठ्यामागे जाऊन रडलो. लाज कसली त्यात?

नायरी मात्र पेटली. "हा प्रत्येक गायीच्या पोटात असणार!"

"पुरावा द्या," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

तीन दिवस न झोपता नायरीने चाळीस गोठ्यांमधले नमुने तपासले. जिवाणू सगळीकडे होता. सोमवारी सकाळी तिने निकाल टेबलावर ठेवला आणि जिंकल्यासारखी हाताची घडी घातली. ग्लेनिसबाईंनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाप रे! म्हणजे पसरलासुद्धा."

दुपारपर्यंत वरच्या साहेबांच्या ध्यानात आलं की नियम पाळायचा तर देशातल्या सगळ्या गायी जाळाव्या लागतील, आणि मग लोणी, निर्यात व सरकार यांपैकी काहीच उरणार नाही. तेव्हा मधला मार्ग निघाला.

"जिवाणूला हात लावायचं कारण नाही," ग्लेनिसबाई प्रेमाने म्हणाल्या. "नोंद तेवढी मागे घ्या."

"माझी अकरा वर्षं आहेत हो त्यात."

"आणि तुमची गाय."

नायरीने खिडकीतून मेव्हिसकडे पाहिलं. मग तिने ‘मला काहीही सापडलेलं नाही’ या ओळीखाली सही केली आणि संगणकावरून सगळी जनुकं पुसून टाकली. मला तिच्याकडे बघवेना. मेव्हिस वाचली याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाचा रागही आला.

निघताना ग्लेनिसबाईंनी मला बाजूला घेतलं. "ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. ठाऊक असून सात दिवसांत न कळवणं हा आहे. तुम्ही कोणाला सांगितलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

आता तुम्हालाही ठाऊक झालंय. तुमचे सात दिवस आजपासून धरायचे. अर्ज तीन प्रतींत लागतो, आणि सकाळच्या चहात दूध घातलं असेल तर कचेरीत जाताना कप घेऊन जा, न धुता.