गिरडकरांची माशी

आमचे शेजारी गिरडकर कुणाकडेही दोन डोळ्यांनी पाहत नसत. समोर माणूस असो, भिंतीवरची तसबीर असो की ताटातली भाकर, त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा, मान किंचित उजवीकडे कलायची, आणि मग निकाल यायचा. "दोन बोटं डावीकडे सरकवा." तसबीर असेल तर आम्ही सरकवायचो. माणूस असेल तर तो आपणच सरकायचा.

या सवयीमुळे माझ्या धाकट्या भावाचं एक स्थळ गेलं. पनागरला मुलगी पाहायला जायचं होतं. वडीलधारं कुणी हवं म्हणून गिरडकरांना सोबत घेतलं. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. गिरडकरांनी तिच्याकडे पाहिलं, डावा डोळा मिटला, आणि बराच वेळ तो उघडलाच नाही. मुलीचा बाप उठून उभा राहिला. पोहे आत परत गेले. टांग्यात बसल्यावर मी म्हटलं, "काकाजी, हे काय केलंत?" ते शांतपणे म्हणाले, "पोरगी चांगली आहे. अगदी सरळ उभी राहते. तिचा बाप मात्र थोडा डावीकडे झुकून राहिला."

त्यांचा दोष नव्हता. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात तीस वर्षं ते बंदुकांची शिस्त लावत आले होते. शिस्त म्हणजे नेम. नवी किंवा दुरुस्त झालेली रायफल बाहेर जाण्यापूर्वी चांदमारीच्या मैदानावर यायची. गिरडकर तिच्यातून गोळ्या झाडून पाहायचे आणि पितळेच्या छोट्या हातोडीनं माशी ठोकून नीट करायचे. मी त्याच कारखान्यात कारकून. त्यांनी सांगायचं आणि मी वहीत लिहायचं, एवढंच माझं काम.

माशी म्हणजे बसणारी माशी नव्हे. रायफलीच्या नळीच्या टोकावर लोखंडाचं एक बारीक टोक उभं असतं, ती माशी. इकडे डोळ्याजवळ एक खाच असते. खाचेतून माशी पाहायची, माशीच्या डोक्यावर निशाण ठेवायचं, आणि घोडा दाबायचा. डोळ्याला एका वेळी एकच वस्तू स्वच्छ दिसते. ती वस्तू माशी असली पाहिजे, असं गिरडकरांचं म्हणणं. निशाण धूसर दिसलं तर दिसू द्यावं.

"पहिले माशी पाहा," हे वाक्य ते कुठल्याही प्रसंगी वापरत. माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा मी अंगणात येरझारा घालत होतो. गिरडकर कुंपणापलीकडून म्हणाले, "वामनबाबू, घाबरू नका. पहिले माशी पाहा." हे सुईणीनं ऐकलं आणि ती दार लावून घेऊन आतून बराच वेळ पदरानं काहीतरी हाकलत राहिली.

माशीवर त्यांचं जेवढं प्रेम, तेवढाच दुर्बिणीवर राग. भेडाघाटला एकदा कुणा हौशी पाहुण्यानं आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. गिरडकरांनी ती डोळ्याला न लावताच परत केली. "खडक जवळ आणून मी काय करू जी? नावेत बसलो तं मीच जातो खडकाजवळ." पाहुणा हसला. गिरडकर हसले नाहीत. ते विनोद करत नसत.

चष्म्याबद्दलही त्यांचं हेच मत होतं. पन्नाशी कधीच ओलांडली होती, वर्तमानपत्र हात लांब करून वाचत होते, आणि हात पुरेना तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. "चष्मा म्हणजे नाकावर बसवलेली दुर्बीण," ते म्हणत. बायको पुष्कळ वर्षांपूर्वी गेली होती, मुलगी अमरावतीला दिलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे या मताला घरून विरोध झाला नाही.

तेवढ्यात युद्ध पेटलं, आणि कारखान्यात दुर्बीण बसवलेल्या रायफली आल्या. त्यांच्याबरोबर एक तरुण गोरा कप्तानही आला. त्यानं पहिल्याच दिवशी गिरडकरांना सांगितलं की, आता माशीचे दिवस संपले.

"साहेब," गिरडकर म्हणाले, "दुर्बिणीतून वाघ का नाक दिखता है. वाघ नहीं दिखता."

कप्तानाला वाटलं, ही काहीतरी शिकारीची गोष्ट आहे. त्यानं विचारलं, आपण किती वाघ मारले? गिरडकर म्हणाले, "एक भी नहीं." हे खरं होतं. आयुष्यभर त्यांनी कागदाशिवाय कशावरही गोळी झाडली नव्हती. आमच्या परसातल्या माकडांवर दगडसुद्धा मारत नसत. दगडाला माशी नसते, हे त्यांनी दिलेलं कारण.

शेवटी पैज लागली. दहा गोळ्या कप्तानाच्या दुर्बिणीच्या, दहा गिरडकरांच्या माशीच्या.

इथे सुखलालबद्दल सांगायला हवं. चांदमारीच्या दुसऱ्या टोकाला, निशाणाच्या फळ्यांखाली, एक खोल खंदक होता. त्यात सुखलाल बसायचा; कारखान्याच्या भाषेत मार्कर. गोळी फळीवर लागली की सुखलाल खालून लांब काठीला लावलेली पांढरी थाळी वर करायचा आणि छेद असेल तिथे टेकवायचा. मधोमध लागली तर थाळी मधोमध. हुकली तर लाल झेंडी हलवायची. मग छेदावर कागद चिकटवायचा की फळी पुन्हा कोरी.

गिरडकर आणि सुखलाल अकरा वर्षं बोलत नव्हते. भांडण एका छेदावरून झालं होतं. गिरडकरांनी कागद चिकटवायच्या आत पाठोपाठ दोन गोळ्या झाडल्या, फळीवर छेद एकच. गिरडकरांचं म्हणणं, दुसरी गोळी त्याच छेदातून गेली. सुखलालनं लाल झेंडी हलवली. "सुखलालले दोनपर्यंत मोजता येत नाही," असं गिरडकर सगळ्या कारखान्यात सांगत सुटले, आणि बोलणं बंद झालं. पण काम तर दोघांचं रोजचंच. त्यामुळे अकरा वर्षं गोळी इकडून जायची आणि थाळी तिकडून यायची, आणि दोघांमधला व्यवहार तेवढाच. येता-जाता फाटकात समोरासमोर आले, तर गिरडकर दोन्ही डोळे मिटत.

पैजेच्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. कप्तान चौथऱ्यावर आडवा झाला, दुर्बिणीला डोळा लावला, आणि काचेवर वाफ धरली. त्यानं रुमालानं पुसली. पुन्हा धरली. चिडून त्यानं तशाच गोळ्या झाडल्या. सुखलालनं सहा वेळा थाळी दाखवली आणि चार वेळा लाल झेंडी. मग गिरडकर आडवे झाले. दहा गोळ्या. दहाही वेळा थाळी वर आली आणि अगदी मधोमध टेकली.

कप्तानानं उमदेपणानं हात मिळवला. गिरडकर म्हणाले, "साहेब, लोहे को पसीना नहीं आता."

पुढचे काही आठवडे त्यांच्याशी बोलणं अशक्य झालं. बाजारात भाजीवाल्यालाही ते ही पैज सांगत. मी मात्र एक गोष्ट पाहत होतो. हातोडी आता खिशातून निघेनाशी झाली होती. पूर्वी चार रायफलींमागे एखादीची माशी ठोकावी लागायची. आता येईल ती रायफल पहिल्याच गोळीला मधोमध. मी म्हटलं, "काकाजी, कारखान्याचं काम भलतंच सुधारलं." ते म्हणाले, "माझी पैज पाहून साऱ्यांनी धसका घेतला असंन."

मग एक दिवस हुकूम आला की दुर्बिणीच्या रायफलीही गिरडकरांनीच तपासाव्यात. त्यातली एक टेकूवर बसवून, निशाणाच्या फळीवर रोखून ठेवलेली होती. गिरडकरांनी दुपारपर्यंत तिच्याकडे पाठ करून काम केलं. शेवटी म्हणाले, "बस, एक डाव पाहून घेतो. हुकूम आहे म्हणून."

त्यांनी आपल्या माशीच्या रायफलीतून एक गोळी झाडली, आणि लगेच सरकून शेजारच्या दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ लावून बसले. तिकडे थाळी वर आली आणि मधोमध टेकली. मी वहीत लिहू लागलो.

"लिहू नका," ते म्हणाले.

त्यांनी दुसरी गोळी झाडली. पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं. थाळी पुन्हा मधोमध. मग ते उठून बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "वामनबाबू, तुम्ही पाहा. छेद कुठं आहे?"

त्यांनी तिसरी गोळी झाडली आणि मी दुर्बिणीतून पाहिलं. छेद चार बोटं उजवीकडे होता. थाळी आली ती त्याला सोडून मधोमध टेकली.

गिरडकरांनी रायफल रिकामी केली, गोळीबार थांबल्याची झेंडी चौथऱ्यावर लावली, आणि शंभर यार्डांचं ते मैदान चालू लागले. मी मागे. तीस वर्षांत ते या बाजूला आले होते की नाही, कोण जाणे. खंदकाच्या पायऱ्या उतरताना त्यांचा हात भिंत चाचपत होता.

सुखलाल मडक्याजवळ बसला होता. माझ्या आठवणीपेक्षा पुष्कळ म्हातारा. गिरडकरांना पाहून तो उभा राहिला.

"छेद उधर," गिरडकर म्हणाले, "और थाली बीच में. काहून?"

"पहले बैठिए."

"बैठता नहीं. झूठी थाली काहून दिखाई? मेरे पे दया करके?"

"दया काहे की, महाराज?" सुखलाल म्हणाला. "दो महीने से हर बंदूक चार उँगल दाहिने मार रही है. सब-की-सब, और सब बराबर चार उँगल. अब इतनी बंदूकें एक साथ, एक ही तरफ तो बिगड़ती नहीं. मैं समझ गया, बंदूक ठीक है, आँख थक गई है. सच्ची थाली दिखाता, तो आप हथौड़ी निकालकर मक्खी ठोक देते. अच्छी-भली मक्खी को काहे सजा दिलवाता?"

गिरडकर खाली बसले. त्यांना माशी दिसत नव्हती. नुसता एक काळा डाग दिसत होता, आणि डागाचा मधला भाग ते अंदाजानं धरत होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच विचारलं, "मेरे को बोला काहून नहीं?"

"कैसे बोलता? अपनी बोलचाल तो बंद थी."

सुखलालनं मडक्यातून पाणी काढून पुढे केलं. गिरडकरांनी ते पिऊन टाकलं.

"पैजेच्या दिवशी?" मी हळूच विचारलं. "त्या दहा गोळ्या?"

सुखलाल फळीकडे पाहत म्हणाला, "बाबूजी, उन पर तो कागज चिपक गया."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरडकर मोठ्या साहेबासमोर उभे राहिले. मला वही घेऊन बोलावलं होतं. रस्ताभर मला एकच काळजी. हे सगळं खरं सांगतील, आणि सुखलाल नोकरीला मुकेल. पेन्शन जाईल ती वेगळीच.

"साहेब," गिरडकर म्हणाले, "मेरी आँख गई. दो महीने की सब बंदूकें वापस जाँचो. फौजी के हाथ में जाने से पहले."

साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या. "और मार्कर? उसने क्या दिखाया?"

"उसकी थाली बराबर थी. मेरे को बराबर दिखी नहीं."

इतक्या वर्षांत मी गिरडकरांना खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. साहेब माझ्याकडे वळला. "बाबू, तुमने थाली देखी?"

"साहेब, मैं तो रजिस्टर में देख रहा था."

रायफली अजून कोठारातच होत्या. दुसऱ्या, तरुण डोळ्यांच्या माणसाकडून सगळ्या पुन्हा तपासल्या. एकीचीही माशी हलवावी लागली नाही; कारखान्याचं काम खरोखरच सुधारलं होतं. साहेबानं गिरडकरांना सांगितलं की, तुम्ही इमानानं आलात म्हणून शिक्षा नाही. मात्र चौथऱ्यावरचं काम बंद. पेन्शनीला वर्ष उरलंय, तोवर कोठारात बसायला जागा देतो, तिथे पंखाही आहे.

"पंखा नको," गिरडकर म्हणाले. "खंदक में एक आदमी की जगह है."

साहेबाला वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. त्यानं दोनदा विचारून घेतलं.

पहिल्या दिवशी ते खाली गेले आणि सुट्टीच्या भोंग्यापर्यंत वर आले नाहीत. मी वरून वही सांभाळत होतो. नवा माणूस गोळ्या झाडत होता, आणि खालून थाळी येत होती. नेहमीपेक्षा जरा उशिरानं यायची. खाली काहीतरी चर्चा होत असावी.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी निघालो. मदन महालाच्या चढापर्यंत ते मान खाली घालून चालत राहिले. मला वाटलं, हातचं काम गेल्याचं दुःख असेल. म्हणून विचारलं, "काकाजी, खाली बसून करमलं का?"

ते थांबले. दम लागला होता.

"वामनबाबू, गोळी डोक्यावरून जाते तं कसा आवाज होते, माहीत आहे? चाबूक फोडल्यासारखा. अगदी कानाजवळ. दर वेळी अंग दचकते. तीस वर्षं मी गोळ्या सोडल्या. हा आवाज मले माहीतच नव्हता."

"सवय होते म्हणतात."

"नाही होत. मी सुखलालले विचारलं. तो म्हणते, अजूनही नाही झाली." ते पुन्हा चालू लागले. "इतके वर्षं एकटाच आयकत बसला होता जी तो तिथं. अन् मी वरून बोलत नव्हतो."