टेलरने मोजलेला रावस

"आज त्या मॅडमची बोलती बंद नाही केली, तर स्वतःला फिटर म्हणवून घेणार नाही!"

सकाळपासून फिटरने हे बायकोला तीनदा ऐकवलं होतं. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जुळवून निवृत्त झालेला माणूस. त्याची जुळणी फसणं शक्यच नव्हतं!

मत्स्य खात्याच्या मॅडमनी नोटीस काढली होती. हौशी गळवाल्याने दिवसाला एकच रावस न्यावा, हातभरापेक्षा लहान असेल तर परत पाण्यात सोडावा. हरकत असेल त्याने सभेत बोलावं. फिटर भडकला. भडकणारच! मोठी जहाजं समुद्राचा तळ खरवडून नेतात तेव्हा खातं घोरत पडतं, आणि नियम कुणाला? तर काठी धरून धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना!

पण खरं दुखणं दुसरंच होतं. शेजारी बसणारा टेलर पाच महिन्यांपूर्वी वारला. आता दर रविवारी धक्क्यावर जायला फिटरला काहीतरी कारण लागायचं, आणि रावस सोडून दुसरं कारण उरलं नव्हतं. तेही हे लोक काढून घ्यायला निघाले होते.

हुकमाचा एक्का मात्र त्याच्याकडे होता. गळ मंडळाची वही! अकरा वर्षं टेलरने गळ्यातल्या टेपने प्रत्येक मासा मोजून त्यात लिहिला होता. टेलरच्या मुलीने ती कापडात बांधून आणून दिली, तशीच ती कपाटात पडून होती.

"अहो, नेण्याआधी एकदा उघडून तरी बघा," बायको म्हणाली.

"नको. त्याचं अक्षर बघवत नाही मला."

सभा सुरू झाली. गळवाले एकेक करून उठले.

"मासे कमी झाले? परवाच मी सात काढले!" न्हावी गरजला.

"सातच?" गवंडी उठला. "मी नऊ! दोन फार दमले होते, त्यांना सोडून दिलं!"

"याची काही नोंद?" मॅडमनी विचारलं.

फिटरने वही टेबलावर अशी आदळली की पाण्याचा पेला थरथरला. "ही घ्या! मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू द्या!"

मॅडमनी गाठ सोडली. आतून टेप घरंगळून खाली पडला. फिटरने तो उचलून मुठीत धरला.

"'तेरा रावस. सर्वांत मोठा फिटरचा, चोवीस इंच,'" मॅडमनी वाचलं. टाळ्या!

"ते जुनं झालं! शेवटचं पान काढा. गेल्या वर्षीचा माझा चौतीस इंची आहे. फोटो भिंतीवर लावलाय!"

मॅडमनी पान काढलं. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला.

"'रविवार. दोन वर्षं झाली, कुणालाही काही लागत नाही. सगळे थापा मारतात. आज बाजारातून चौतीस इंची रावस आणला. फिटरला डुलकी लागल्यावर त्याच्या गळाला अडकवला. उठला, नाचला.'"

सगळी सभा पोट धरधरून हसली. फिटरला तो मासा आठवला. जरासुद्धा तडफडला नव्हता. "इतका थंड कसा रे?" त्याने विचारलं होतं. "खोल पाण्यातला आहे," टेलर टेप लावत म्हणाला होता, "आणि वयाने समजूतदार."

"पुढे एक ओळ आहे," मॅडम थांबल्या. "वाचू?"

फिटरने मान डोलावली.

"'मासा संपला हे फिटरला कुणी सांगू नका. तो धक्क्यावर यायचा बंद होईल. मग मी बोलू कुणाशी?'"

हसणं जागच्या जागी विझलं. न्हावी खाली बघू लागला. फिटर उठला.

"माझी हरकत नाही, लिहून घ्या," तो म्हणाला. "पण तुमच्यात हिंमत असेल तर हीच नोटीस त्या जहाजांवरही डकवा!"

घरी बायकोने विचारलं, "झाली का बोलती बंद?"

"झाली. माझी." त्याने भिंतीवरचा फोटो उतरवला. "हा बाजारातला होता."

"माहीत आहे."

"तुला कसं?"

"अहो, मी चिरायला घेतला तर पोट आधीच साफ केलेलं! तसला मासा गळाला लागतो होय?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"टेलरभाऊजी दारात हात जोडून उभे होते."

रविवारी फिटर धक्क्यावर गेला. गळ टाकला, शेजारची जागा मोकळी ठेवली आणि मुद्दाम डोळे मिटून अर्धा तास डुलकी घेतली. घोरलासुद्धा, थोडं मोठ्यानेच.

मग उठून त्याने दोरी ओढली. गळाला काहीच नव्हतं.

फिटरने तरीही खिशातून टेलरचा टेप काढला.