नऊ इंचांची निवड

उंची एका माणसाकडून दुसऱ्याला देता येऊ लागल्यापासून तालुका बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंची निवड बंद झाली आणि नुसत्या उंचीची सुरू झाली. त्यात सगळ्यांचीच सोय होती. खेळाडू गावचेच राहायचे, त्यांचे रुसवेफुगवे, लग्नकार्यं आणि दुखरे गुडघे मंडळाला आधीपासून ठाऊक असायचे. बाहेरून आणायची ती फक्त उंची. ज्याला आपली नकोशी झाली असेल त्याने ती लीगच्या कचेरीत जमा करायची. तिथे ती शिंप्याकडे असते तसल्या फितीवर उतरवून घेत आणि फीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवत. हंगाम संपला की मे महिन्यात निवड-सभा भरे. तिला सगळे ड्राफ्टच म्हणत. जे मंडळ हंगामात शेवटी राहिलं असेल त्याला पहिली निवड मिळे. बुडत्याला काडीचा आधार हवाच.

आणखी एक नियम होता. प्रत्येक संघाच्या एकूण उंचीला मर्यादा होती. एका खेळाडूवर जास्त उंची खर्च केली, तर तेवढी बाकीच्यांच्या अंगावरून कमी करावी लागे. हा नियम श्रीमंत मंडळांना आळा घालण्यासाठी केला होता, आणि नेहमीप्रमाणे त्याचा ताप गरीब मंडळांनाच होत असे.

निंबगावच्या आझाद क्रीडा मंडळाचे चिटणीस भूपाल मगदूम यांना हे नियम तोंडपाठ होते. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. अण्णांची स्वतःची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. शाळेत असताना ते रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि बाहेर गेलेला बॉल आत टाकून द्यायचे. आत ये, असं कुणी कधी म्हणालं नाही. पुढे ते चिटणीस झाले. चिटणीस व्हायला उंची लागत नाही.

त्यांची मुलगी त्रिशला मात्र सहा फूट एक इंच होती. संध्याकाळी मंडळाची पोरं सरावाला जमली, की ती ओढणी कमरेला बांधून त्यांच्यात उतरायची. बोर्डाला लागून बॉल कुठे पडणार हे तिला तो दुसऱ्याच्या हातातून सुटतानाच कळायचं. पाचही जणांना घाम फोडून ती घरी यायची. पण लीग पुरुषांची होती, त्यामुळे हे सगळं सराव या सदरात जमा होत होतं. अण्णा कडेला उभे राहून ओरडायचे, "अरे, एका पोरीकडनं हरताय, लाजा न्हाईत काय!" त्यांना पोरांची लाज वाटायची. पोरीचा अभिमान वाटायला हवा होता, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्रिशलाला स्थळं येत. सगळे बसलेले असेपर्यंत बोलणी झकास चालत. मग त्रिशला चहा घेऊन बाहेर यायची आणि मुलाची आई मान वर करायची, आणखी थोडी वर करायची, आणि पत्रिका जुळते का ते बघून कळवतो म्हणायची. पत्रिका कधीच जुळली नाही.

"चौकट वाढवून घ्यायची का जावई वाढवून घ्यायचा, ते तरी सांगा," अण्णांच्या पत्नी राजमती एकदा जेवताना म्हणाल्या. त्रिशला समोरच बसली होती. तिने आणखी एक भाकरी घेतली.

त्या रात्री अण्णांना युक्ती सुचली. त्रिशलाने नऊ इंच लीगकडे जमा करायचे. ती पाच फूट चारची होणार, म्हणजे कुठल्याही दिवाणखान्यात खपणार. आणि तेच नऊ इंच आझाद मंडळाने ड्राफ्टमध्ये उचलायचे. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही घरचेच. अडचण एवढीच, की त्यासाठी पहिली निवड हवी. कारण असली उंची कपाटात दिसली की बाकीची सात मंडळं तिच्यावर तुटून पडणार.

म्हणजे हंगामात शेवटी यायला हवं होतं. अण्णांनी पोरांना तालमीच्या कट्ट्यावर बोलावून सांगितलं, "ह्या साली हरायचं. पण नीट हरायचं."

आझादची पोरं दर वर्षी हरतच होती. पण ठरवून, एकदिलाने अशी पहिल्यांदाच हरली. शेवटचा सामना कवठे गावच्या मंडळाशी पडला. कवठेकरांचाही डोळा पहिल्या निवडीवर होता. शिट्टी वाजली आणि दोन्ही संघ आपापल्याच बास्केटकडे धावले. आपल्याच बास्केटमध्ये टाकलेला बॉल समोरच्याच्या खात्यात जातो, हे बॉल टाकणाऱ्यांना माहीत होतं. प्रेक्षकांना हळूहळू समजलं आणि मग त्यांनीही त्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. धन्यकुमार खोत नावाचा आझादचा एक खेळाडू होता, त्याने वर्षभरात एक बास्केट केलं नव्हतं. त्या दिवशी त्याने आपल्याच बास्केटमध्ये एकामागून एक असे टाकले, की पंच टाळी द्यायला जाता जाता थांबले. आझाद मंडळ दणकून हरलं. गावात मिरवणूक निघाली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्रिशलाला विचारलं. म्हणजे सांगितलं.

"मग खेळणार कोण?" तिने विचारलं.

"उंची धन्यकुमारला देऊ. पोरगं मेहनती हाय."

"धन्यकुमारला?"

"गावची उंची गावातच राहील की. तुझ्याच भल्याचं सांगतोय बाळ."

त्रिशलाने पायातल्या बुटांकडे बघितलं. "तुम्हाला बरं वाटणार न्हवं?" ती म्हणाली. अण्णांना खरंच बरं वाटणार होतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. ती कचेरीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि पाच फूट चार इंच होऊन एस.टी.ने परत आली.

ड्राफ्टच्या दिवशी टेबलावर फितींच्या गुंडाळ्या मांडल्या होत्या. कुणी दोन इंच दिले होते, कुणी दीड. एका निवृत्त तलाठ्याने अर्धा इंच दिला होता. त्रिशलाची गुंडाळी त्यांच्यात ठळक दिसत होती. लीगचे अध्यक्ष रावसाहेब कुंभोजे यांनी आझाद मंडळाचं नाव पुकारलं. अण्णा टाचा उंचावून टेबलाशी गेले आणि ती गुंडाळी त्यांनी छातीशी धरली. कवठ्याचे चिटणीस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याला म्हणत्यात डोकं!" त्या रात्री अण्णांना सुखाची झोप लागली.

मर्यादेत बसवण्यासाठी बाकीच्या चौघांची उंची थोडी थोडी काढून जमा करावी लागली. पोरं अण्णांशी पूर्वीसारखी हसेनाशी झाली. मंडळाने दोन हंगामांमधल्या सुट्टीत जो काही खर्च केला तो सगळा एका धन्यकुमारवर केला.

धन्यकुमारने पहिला आठवडा दारांच्या चौकटींवर आपटलेल्या कपाळाला हळद लावून काढला. मग हंगाम सुरू झाला. बोर्डावरून बॉल उसळला, की धन्यकुमारचा हात वर जायचा. अगदी तिथपर्यंत, जिथपर्यंत त्रिशलाचा जायचा. फक्त बॉल तिथून आधीच निघून गेलेला असायचा. अण्णा कडेला उभे राहून हे दर सामन्याला बघत होते. सुरुवातीला ते ओरडले. नंतर ओरडेनासे झाले. उंची तीच होती, तो हात मात्र तिचा नव्हता. गावात इतकी वर्षं एकच खरा खेळाडू होता, आणि तो आपण मोडून त्याची उंची तेवढी काढून घेतली, हे अण्णांना एका सामन्याच्या मध्यंतरात कळलं. पोरं लिंबू-साखर खात होती. घरी जाऊन हे कुणाला सांगावं तेही त्यांना कळेना, कारण ज्यांना सांगायचं त्यांना ते आधीच माहीत होतं.

दुसरा पक्षीही पडला नव्हता. नव्या उंचीवर त्रिशलाला पुन्हा स्थळं आली. आता मुलाच्या आईची मान सरळ राहायची, पण जाता जाता त्या विचारायच्या, "मूळची किती?" मूळची सहा फूट एक, असं ऐकलं की त्या म्हणायच्या, "मग नातवंडं मूळ उंचीवरच जाणार की हो." तेलही गेलं, तूपही गेलं. त्रिशलाने एका पतसंस्थेत काउंटरवरची नोकरी धरली. संध्याकाळी ती मैदानावरून न जाता बाजारातल्या रस्त्याने घरी यायची. तो रस्ता लांबचा होता.

त्या हंगामात आझाद मंडळ पुन्हा शेवटी आलं. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

दिलेली उंची एका हंगामापुरतीच असते. धन्यकुमारने ती परत केली आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने कचेरीबाहेर सगळ्यांना उसाचा रस पाजला. ड्राफ्टला अध्यक्षांनी पुन्हा आझाद मंडळाचं नाव पुकारलं. अण्णांनी पुन्हा तीच गुंडाळी उचलली. सभेत खसखस पिकली.

"खेळाडूचं नाव?" कुंभोजेंनी विचारलं.

"त्रिशला भूपाल मगदूम."

"मगदूम, लीग पुरुषांची हाय."

"तसं कुठं लिहिलंय ते दाखवा, साहेब."

नियमावली मागवण्यात आली. तीत सगळीकडे 'व्यक्ती' असा शब्द होता. तो कुणी आणि का घातला हे कुणालाच आठवेना. कुंभोजेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"इतकी वर्षं का आणली न्हाईसा मग तिला?"

"कुणी म्हणालं न्हाई."

"चिटणीस तुम्ही होता की."

"व्हय," अण्णा म्हणाले. "मीच होतो."

कुंभोजेंनी मंजुरी दिली, पण दाता आणि घेणारा एकच असल्यामुळे व्यक्तीची समक्ष संमती लागेल म्हणाले. ड्राफ्टमध्ये कुठल्याच व्यक्तीच्या अंगी न लागलेली उंची त्याच दिवशी कचेरी बंद होताना पोलीस भरतीकडे वर्ग होत असे. तिथे ती कायम कमीच पडायची. अण्णांनी पतसंस्थेत फोन केला. जेवणाच्या सुट्टीत त्रिशला आली. अण्णांनी तिच्यापुढे गुंडाळी धरली. बोलायचं म्हणून त्यांनी खूप काही ठरवलं होतं.

"तुझी तुला आणलीय," एवढंच त्यांना जमलं. "संघात नाव पण घातलंय. पहिल्या पाचात. माझं चुकलं, त्रिशला."

त्रिशलाने गुंडाळी हातात घेऊन बघितली. फितीच्या कडा आता मळल्या होत्या, धन्यकुमारच्या एका हंगामाच्या. तिने अंगठ्याने ती थोडी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"अण्णा, ही माझ्या अंगावर होती तवा घरात मावत न्हवती," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "आता तिच्याशिवाय राहायची मी सवय केलीय. लई अवघड गेलं ते. पुन्यांदा न्हाई जमायचं."

"खेळायचं तरी..."

"आता त्यात मन न्हाई."

ती रागावली असती, तर अण्णांनी तिची समजूत काढली असती. रागावलेल्या माणसाला काहीतरी हवं असतं. तिला काही नको होतं. कुंभोजे घड्याळाकडे बघून म्हणाले, "मगदूम, भरतीवाल्यांचा माणूस बाहेर थांबलाय."

कुठल्या तरी अनोळखी हवालदाराच्या अंगावर आपल्या मुलीचे नऊ इंच चौकाचौकात उभे राहणार, हे अण्णांच्या डोळ्यांपुढे आलं आणि ते त्यांना सहन झालं नाही.

"माझं नाव घाला," ते म्हणाले.

"तुमचं? वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न. वयाचं काय लिहिलंय का त्यात?"

वयाचं काही लिहिलेलं नव्हतं. "पण मग खेळावं लागंल," कुंभोजे म्हणाले. अण्णा म्हणाले, खेळतो. चाळीस वर्षांपूर्वी हे वाक्य म्हणता आलं असतं, तर त्यांनी मैदानाला प्रदक्षिणा घातली असती. ते भिंतीला टेकून उभे राहिले, शिपायाने फीत लावली, आणि ते पाच फूट अकरा इंच झाले. विजार पोटरीपर्यंत वर गेली. सभेने रीतसर टाळ्या वाजवल्या.

पतसंस्थेने त्रिशलाला उरलेल्या दिवसाची सुट्टी दिली होती, म्हणून दोघं एकत्रच परत आले. एस.टी.तून उतरून ती नेहमीच्या सवयीने बाजाराच्या रस्त्याला लागली. अण्णा तिच्या बरोबरीने चालू लागले. रस्त्यावर ट्रॅक्टरची गर्दी होती. चालता चालता ती काहीतरी म्हणाली, पण अण्णांना ते ऐकू आलं नाही. तिचं बोलणं कुठेतरी खाली, त्यांच्या खांद्याशीच राहत होतं. त्यांनी कमरेत वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि पाठीत सणकन कळ आली.

तसेच वाकलेले असताना त्यांना समजलं, की इतक्या वर्षांत त्रिशलाचं एकही बोलणं ऐकण्यासाठी आपल्याला कधी मान वर करावी लागली नव्हती. घरात, मैदानाच्या कडेला, एस.टी. स्टँडवर, ती बोलायला आली की तिचा चेहरा बरोबर आपल्या चेहऱ्यासमोर असायचा. त्यांना वाटायचं, उंच मुलींना पोक असतंच. लोकांपुढे त्यांनी तिला कितीदा तरी म्हटलं होतं, जरा ताठ उभी राहा.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"दूध घ्यायचंय म्हटलं. आईनं सांगितलंय."

ती मान वर न करता चालत होती. अण्णा वाकूनच तिच्याबरोबर डेअरीपर्यंत गेले. तिथे बरीच रांग होती, आणि रांग पुढे सरकेपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले, ती आणखी काही बोलली तर ऐकू यावं म्हणून.