डावी किडनी कुणाला दिलीत?

माझ्या पोटात काय चाललंय, ते मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळतं! बेंबीच्या खाली, डावीकडे कळा सुरू झाल्या तेव्हाच मी बायकोला ठणकावून सांगितलं, "गॅस आहे."

"मुतखडा असेल हो."

"मुतखडा कमरेत दुखतो! उगाच घाबरवू नकोस."

तिसऱ्या दिवशी मी फरशीवर गडाबडा लोळत होतो. बायकोने तिच्या भावाला बोलावलं आणि दोघांनी मला उचलून हॉस्पिटलात, सोनोग्राफीच्या टेबलावर नेऊन टाकलं. तिथे कळ थांबवायचं इंजेक्शन मिळालं, म्हणून जरा माणसात आलो.

सोनोग्राफीवाल्या बाई उजवीकडे पटकन आटोपून डावीकडे आल्या आणि थबकल्या. पुन्हा जेल ओतलं, पुन्हा दाबलं.

"डावी किडनी जागेवर नाहीये. आधी काढलीय का?"

"नाही हो!" मी किंचाळलो.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला.

"कुणाला दिलीत?"

"अगं, किडनी कुणाला देईन मी?"

"शिडी दिलीत, ड्रिल मशीन दिलंत, माझा मिक्सर साहेबांच्या घरी पोचवलात! तुम्हाला नाही म्हणता येतं का कुणाला?"

मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, खरं सांगा. मागच्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनला कशाकशावर सह्या केल्यात?"

मी आयुष्यात एकही कागद वाचून सही केलेली नाही! उरलेल्या एका किडनीवर कसं निभवायचं, या विचाराने मला रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी यंत्र पार खाली, ओटीपोटावर टेकवलं.

"ही काय इथे! जन्मापासून खालीच राहिलीय. असते काही जणांची. काम चोख करतेय. मुतखडा अडकलाय तिच्यात, म्हणून कळा पुढच्या बाजूला येतात. आजच दुर्बिणीने काढू."

"म्हणजे दोन्ही आहेत?" बायकोने विचारलं आणि माझा हात घट्ट धरून रडायलाच लागली. मलाही भरून आलं. मेहुणा तर डॉक्टरीणबाईंच्या पाया पडला! डोळे पुसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत आम्ही तिघे खाली आलो. मेहुण्याने टॅक्सी थांबवली. मी एक पाय आत टाकतो न टाकतो, तोच मागून नर्स धापा टाकत आली.

"अहो काका, निघालात कुठे? मुतखडा आतच आहे अजून!"