शेजवळांच्या दारातला बल्ब

दारातला बल्ब तिसऱ्यांदा गायब झाला तेव्हा भगवानराव शेजवळांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, “आता कॅमेरा.”

“आधी चहा घ्या, निवतोय,” यशोधराबाई म्हणाल्या.

“चहा जाऊ दे. तीन बल्ब! आणि तेही सीएफएल. चोरसुद्धा चोखंदळ निघाला.”

“मग साधा पिवळा लावा ना.”

“म्हणजे चोरापुढे हार मानायची?”

कोपऱ्यात भगवानरावांच्या आई, भीमाबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे रं भगवान. बल्बच त्यो. न्हेला आसंल कुणी गरजूनं.”

“आई, गरजू माणूस मागून नेतो. न विचारता नेतो तो चोर.”

भीमाबाईंनी पुढची पाकळी उचलली. लसूण नंतर बराच वेळ सोलला जात होता.

भगवानरावांची उभी हयात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी खात्यात गेली होती. माल ‘पास’ की ‘रिजेक्ट’, एवढंच ते आयुष्यभर सांगत आले. निवृत्तीनंतर घरातली केळी, इस्त्रीचे कपडे आणि जावई यांनाही त्याच नजरेतून जावं लागे. बदलापूरजवळ सोनिवलीला त्यांनी रो-हाउस घेतलं. बिल्डरने सगळी घरं एका साच्यातून काढली होती. तेच तपकिरी दार, त्याच दोन पायऱ्या, तीच जाळी, दारावर तोच बल्बचा होल्डर. दोन घरांच्या मध्ये उंच भिंत असल्यामुळे शेजारचा ओटा दिसत नसे. चावी द्यायला आलेला बिल्डरचा माणूसदेखील आधी दोन चुकीच्या घरांत शिरून मग शेजवळांकडे पोचला होता.

भगवानरावांची दुसरी ओळख म्हणजे ते पक्के बुद्धिवादी होते. येत्या रविवारी विहारात त्यांचं व्याख्यान होतं आणि विषय होता ‘भूत नसतंच’. पलीकडच्या घरातले दिनानाथ राऊळ मूळचे कोकणातले, भुताखेतांना मानणारे. एकदा भगवानरावांनी त्यांना गेटपाशी गाठून तासभर विज्ञान समजावलं होतं. तेव्हापासून राऊळ लांबूनच नमस्कार करत.

कॅमेऱ्यासाठी भगवानराव उल्हासनगरच्या बाजारात नारीशेठच्या दुकानात गेले.

“आवो साईं, बोला,” नारीशेठने काउंटरवर तीन खोकी मांडली. “ये वायरवाला, बँकवाले घेतात. ये दुसरा, रात को भी दिखता है, थोडा महाग आहे. आणि हा वायरलेस. सस्ता, टिकाऊ. हा डबा टीव्हीला लावा, बस. घर बैठे दरवाजा देखो.”

भगवानरावांनी तिसरा कॅमेरा हातात घेऊन चारी बाजूंनी निरखला. “वायरलेस आहे ना? मग ही वायर कसली?”

“वो तो लाइट की वायर, साईं. फोटो वायरलेस. लाइट तर लागणारच ना!”

“रात्री दिसेल?”

“दिसणार ना. फक्त दारात एक बल्ब पाहिजे.”

“अहो, बल्बच तर चोरीला जातो!”

“मग दुसरा लावा.”

“तोही नेईल की.”

“नेऊ दे ना! नेताना कॅमेऱ्यात दिसेल.”

“आणि नेल्यावर?”

नारीशेठने क्षणभर विचार केला. “नेल्यावर अंधार. पण तोवर चोर दिसला ना, साईं!”

यात काहीतरी चुकतंय असं भगवानरावांना वाटलं, पण नेमकं कशावर बोट ठेवावं ते कळेना. त्यांनी पुढची चाचणी घेतली. “पावसात चालेल?”

“एकदम वॉटरप्रूफ.”

“मग पाणी आणा.”

नारीशेठ थांबवेपर्यंत भगवानरावांनी काउंटरवरचा ग्लास कॅमेऱ्यावर उपडा केला होता. कॅमेऱ्याने एक बारीक ‘चर्र’ केलं आणि मान टाकली. नारीशेठने उसासा टाकून नवं खोकं काढलं. “हा घ्या. पण साईं, याला घरी जाऊन आंघोळ नका घालू. कालच तुमच्या सोनिवलीचे एक साहेब नेऊन गेले, काही तक्रार नाही.”

सगळेच दुकानदार असं म्हणतात, म्हणून भगवानरावांनी ते कानाआड केलं.

त्याच संध्याकाळी कॅमेरा ओट्यावरच्या खांबाला बसला. त्याची वायर खिडकीतून आत आली आणि प्लग भीमाबाईंच्या खोलीत लागला, कारण तिथलंच एक बटण रिकामं होतं. टीव्हीवर दार दिसू लागलं. चित्र असं होतं की दारात माणूस उभा आहे की पोतं, एवढं कळावं. तरी घरात आनंद झाला. भगवानरावांनी नव्या बल्बाच्या बुडाला लाल रंगाचा पट्टा मारला, फॅक्टरीत पास झालेल्या मालावर मारायचे तसा, आणि तो आमिष म्हणून दारात लावला.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी टीव्ही लावला आणि हातातली बडीशेप सांडली.

“यशोधरा, आपल्याला कुणीतरी कोंडलंय!”

पडद्यावर दाराला बाहेरून कुलूप होतं. भगवानराव धावले, दार ढकललं. ते सहज उघडलं. कुलूपबिलूप काही नव्हतं. वर पाहिलं तर होल्डर रिकामा, बल्ब गेलेला. परत येऊन पाहतात तर टीव्हीत कुलूपही जागेवर आणि बल्बही जागेवर.

“बल्ब टीव्हीत आहे, दारात नाही,” यशोधराबाई हळूच म्हणाल्या.

“तांत्रिक बिघाड असणार.”

“कुलूप लावणारा बिघाड?”

शुक्रवारी सकाळी दारात काहीतरी लोंबकळताना दिसलं. भगवानराव पडद्याला नाक लावून बसले. ती लिंबू-मिरची होती. त्यांच्या, भगवान शेजवळांच्या दारात! ते रागाने लाल होऊन तोडायला धावले, तर तिथे लिंबूही नव्हतं आणि मिरचीही नव्हती. गुरुवारी टीव्हीत दिसणारा बल्ब आता टीव्हीतूनही गेला होता.

“हे कुणाला सांगू नकोस,” ते बायकोला म्हणाले.

“मी कुणाला सांगणार? पण रविवारी तुमचं ते भाषण...”

“भाषण होणार!” असं ते म्हणाले खरे, पण आवाज जरा बारीक आला. भगवानरावांना भुताची भीती वाटत नव्हती. आपल्याला भीती वाटू लागेल, याचीच भीती वाटत होती. सगळ्या वस्तीसमोर छाती ठोकून बोलणारा माणूस स्वतःच्या ओट्यावर जायला कचरतो, हे कुणाला कळलं तर विहारात तोंड कसं दाखवणार?

शनिवारी त्यांनी शास्त्रीय प्रयोग करायचं ठरवलं. होल्डरला लाल पट्ट्याचा नवा बल्ब लावला, दारात ताठ उभे राहिले आणि ओरडले, “दिसतोय का?”

“नाही!” आतून उत्तर आलं.

त्यांनी दोन्ही हात हलवले. “आता?”

“दारात कुणी नाहीये!”

“अगं, मी आहे दारात!”

“टीव्हीत नाही आहात!”

भगवानरावांनी स्वतःच्या मनगटाला चिमटा काढला. दुखलं. तेवढ्याने जरा बरं वाटलं. आत आल्यावर त्यांनी डबा तपासला, टीव्ही तपासला, एरियल हलवून पाहिली. प्लग तेवढा तपासला नाही. चित्र व्यवस्थित दिसत असताना प्लग निघालेला असेल, हे कुणाच्या मनात येईल?

भीमाबाई हे सगळं बघत होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “त्यो कॅमेरा परत दिऊन ये बाबा. घराला सुखाचा घास न्हाई त्याच्यापायी.”

रविवारी सकाळी विहाराचे चिटणीस शरदचंद्र यांचा फोन आला. “जय भीम साहेब! पाचला नक्की या. फळ्यावर मोठ्या अक्षरांत विषय लिहिलाय. लोक खूप येणार.”

“जय भीम. अं... घसा जरा धरलाय हो,” भगवानराव खाकरले. “बघतो. तासाभरात कळवतो.”

रिसीव्हर ठेवून ते टीव्हीपुढे बसले. पडद्यावर पुन्हा कुलूप. त्यांनी सुस्कारा सोडला. नाही म्हणून कळवायला ते पुन्हा फोनकडे वळणार, इतक्यात चित्रात डावीकडून एक प्लास्टिकचं स्टूल आलं. स्टुलामागून पदर खोचलेली एक म्हातारी आली. ती स्टुलावर चढली आणि होल्डरला बल्ब लावू लागली. बल्बाच्या बुडाशी लाल पट्टा दिसला.

“आई!” भगवानराव किंचाळले. “आई दारात आहे!”

ते ओट्यावर धावले. ओटा रिकामा, होल्डरही रिकामा.

“इथं कुणी नाही!”

“अहो, अजून दिसतायत!” यशोधराबाई आतून ओरडल्या. “बल्ब फिरवतायत!”

 सकाळी चहा देणारी आई टीव्हीत आहे आणि जगात नाही, हे भगवानरावांच्या बुद्धिवादात कुठेच बसेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून गडगडाट झाला. “कोण आहे? कोण आहे तिथं?” आणि पाठोपाठ आईचा आवाज आला, “आगं बया!”

भगवानराव चपला न घालता रस्त्याने वळसा घालून राऊळांच्या गेटात शिरले. राऊळांच्या कुलूपबंद दारासमोर भीमाबाई डगमगत्या स्टुलावर उभ्या होत्या. कुलूपबंद घराच्या आतून कुणीतरी ओरडत होतं. भगवानरावांनी आधी स्टूल धरलं आणि मग आईला धरलं.

“अहो!” यशोधराबाईंचा आवाज भिंतीवरून आला. “आता तुम्ही पण दिसताय!”

भगवानरावांनी वर पाहिलं. राऊळांच्या ओट्यावरच्या खांबाला, कुंडीतल्या वेलीआड, कॅमेरा होता. अगदी त्यांच्यासारखाच. खाली लिंबू-मिरची लोंबत होती. फॅक्टरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला उलगडा व्हायला तेवढं पुरेसं होतं. त्यांच्या डब्याने इतके दिवस राऊळांच्या कॅमेऱ्याचं वायरलेस चित्र पकडलं होतं.

खिडकीच्या जाळीला राऊळांचं घामेजलेलं तोंड चिकटलं. “शेजवळ? तुम्ही पण यांच्यात सामील?”

“कशात सामील? आणि तुम्ही आत, कुलूप बाहेर, हा काय प्रकार?”

“सापळा लावला होता! मुलीला, विठाला सांगितलं, बाहेरून कुलूप लाव आणि बाजारात जा. घर रिकामं वाटलं की येईल तो.” राऊळांचा आवाज खाली आला. “काय सांगू तुम्हाला, महिनाभर माझ्या दारात आपोआप बल्ब उगवतोय. मी कधी लावलेला नाही. फुकट कोण देतं हो? करणीच ती. दर वेळी मिठाने उतरवून नाल्यात टाकतो, तर काही दिवसांनी पुन्हा हजर! म्हणून तर हा कॅमेरा आणला, उल्हासनगरहून.”

भीमाबाई स्टुलावरून उतरल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“नाल्यात टाकलास, मेल्या?” त्या राऊळांवरच उखडल्या. “आन मला वाटलं, बल्ब ऱ्हात न्हाईत तुझ्याकडं, म्हनून मी आपली दुसरा आनते!” मग त्या मुलाकडे वळल्या. “विठा मोरिवलीच्या कंपनीतून येती तवा काळोख पडलेला आसतो. दारात कुलूप चाचपत बसती पोर. परवा पायरीवरनं पडली. आमच्या दारात उजेड कुणासाठी? तू तर सातच्या आत घरात.”

“मग मला सांगायचंस ना, आई! मागितला असतास तर मी दिला नसता का?”

“दिला आसतास. आधी इचारलं आसतंस, कशाला, कुणाला, किती वॉटचा, परत कवा. गेटपास मागितला आसतास. त्या परीस म्या म्हनलं, गुपचूप दिऊन यावं. मग तू ‘चोर, चोर’ करत त्यो कॅमेरा आनलास, तवा तर लईच भ्या वाटलं. म्हनून प्लग काढून ठिवला.”

 विहारात दर पौर्णिमेला भगवानराव दानाचं महत्त्व सांगत, आणि भीमाबाई पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत. एवढ्या वर्षांत आपलं भाषण मनावर घेणारा एक तरी श्रोता निघाला, आणि आपण त्याच्यामागे कॅमेरा लावला. त्यांना मनापासून लाज वाटली. ते स्वतः स्टुलावर चढले आणि अर्धवट बसलेला बल्ब त्यांनी राऊळांच्या होल्डरमध्ये नीट घट्ट केला.

“टाकू नका हो हा,” ते खिडकीकडे पाहून म्हणाले. “पास झालेला माल आहे.”

संध्याकाळी व्याख्यान झालं. घसा एकदम ठणठणीत होता. भगवानरावांनी कुलूप, लिंबू-मिरची, टीव्हीत न दिसणारे आपण, सगळं मीठमसाला लावून सांगितलं. लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेत दिनानाथ राऊळ विठासकट बसले होते आणि सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवत होते. भीमाबाईंचं नाव तेवढं भगवानरावांनी घेतलं नाही. त्या स्वतःच शेजारणीच्या कानाला लागून सगळं सांगत होत्या, तो भाग वेगळा.

नारीशेठने फोनवर सांगितल्याप्रमाणे भगवानरावांनी कॅमेऱ्याच्या पोटातली बारीक कळ सरकवली आणि दोन्ही घरांची चित्रं वेगळी झाली. शेजवळांच्या टीव्हीत शेजवळांचंच दार दिसू लागलं. नवा बल्ब आला, त्यालाही लाल पट्टा आला.

आठवडा गेला. दुपारी भगवानराव आणि यशोधराबाई टीव्हीवर आपलं दार बघत बसले होते. आज दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. चित्रात डावीकडून प्लास्टिकचं स्टूल आलं. मागोमाग पदर खोचलेल्या भीमाबाई आल्या. गल्लीच्या टोकाच्या घरात रिक्षावाल्या बबनची आंधळी होत चाललेली आई राहते आणि तिच्याही दारात काळोख असतो, हे त्या सकाळपासून दोनदा बोलल्या होत्या. त्यांनी स्टुलावर चढून बल्बाला हात घातला आणि थांबून कॅमेऱ्याकडे पाहिलं. प्लग काढायचा राहून गेला, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

भगवानराव उठले. आईच्या खोलीत गेले. टीव्हीवर एकदम मुंग्या आल्या.

“अगंबाई, चित्र गेलं?” यशोधराबाईंनी विचारलं.

“लोडशेडिंग असेल,” भगवानराव परत येऊन बसत म्हणाले, आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे त्यांनी मुळीच पाहिलं नाही.